धानाच्या तुसाची राख वापरून सिमेंट वाचवायचं कसं? छोट्या ब्लॉक कारखान्यांसाठी पायरी-पायरीने

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या धानपट्ट्यात ज्यांचा सिमेंट ब्लॉकचा छोटा कारखाना आहे, किंवा तो टाकायचा विचार चालू आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. राइस मिलच्या मागे साचलेला काळ्या राखेचा ढीग आपण सगळेच बघतो. वारा सुटला की ती राख शेजारच्या बांधीत, विहिरीत, वाळत घातलेल्या कपड्यांवर जाऊन बसते. तीच राख नीट पारखून, दळून वापरली तर ब्लॉकमधलं दहा ते पंधरा टक्के सिमेंट वाचतं. मी याच कामात आहे. ही माहिती मला एका जागी कुठेच मिळाली नव्हती, तुम्हाला ती मिळावी एवढ्यासाठी हा खटाटोप.

आधी राख काम कशी करते ते समजून घ्या, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यातूनच येते. सिमेंट पाण्यात घट्ट होताना त्यातून मोकळा चुना सुटतो. या चुन्याची ताकद फारशी नसते. तुसाच्या राखेत साधारण ८५ ते ९५ टक्के सिलिका, म्हणजे वाळूत असतो तोच पदार्थ, असते. ती चांगल्या अवस्थेत आणि बारीक असेल, तर या मोकळ्या चुन्याशी संयोग पावते आणि सिमेंटमध्ये असतो तसाच बांधून ठेवणारा पदार्थ तयार करते. म्हणून राखेला चुना लागतो, ओल लागते आणि वेळ लागतो. राख एकटी म्हणजे सिमेंट नव्हे. शंभर टक्के राखेचं सिमेंट विकायला कोणी आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आता हिशोब. एक टन धान भरडलं की सुमारे २०० किलो तूस निघतं आणि ते पूर्ण जळलं तर सुमारे ४० किलो राख उरते, म्हणजे सिमेंटच्या एका पोत्याहूनही कमी. पण रोज १०० टन धान भरडणाऱ्या मिलने सगळं तूस जाळलं तर रोज ४ टन राख निघते. दुसरीकडे, सिमेंटचा क्लिंकर (जो दळून सिमेंट होतं ते भाजलेले खडे) भाजायला १४५० अंशांच्या आसपास तापमान लागतं, आणि इंधनाचा धूर वेगळाच, चुनखडीतूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. जगभरात माणसाच्या सगळ्या व्यवहारांतून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटचा आहे. चंद्रपूर जिल्ह्यात तर गडचांदूर-आवारपूरकडे सिमेंटचे मोठे कारखाने आहेत आणि तिकडे मूल-सावलीकडे धानाच्या बांध्या. दोन्ही गोष्टी एकाच जिल्ह्यात असताना राख वाया जाते याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पायरी १ : राख कुठून घेणार ते ठरवा

उसना तांदूळ करणाऱ्या मिलमध्ये बॉयलर असतो आणि त्यात तूसच जळतं. पहिली चौकशी तिथे करा. तूस विकत घेऊन स्वतः जाळण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, कारण तुसाला इंधन म्हणून भाव आहे, राखेची मात्र मिलवाल्याला विल्हेवाट लावायची असते. तरी राख फुकटच मिळेल असं धरून चालू नका. पोलाद कारखाने वितळलेल्या धातूवर उष्णता टिकवायला ही राख पसरतात, त्यामुळे मोठ्या मिलची राख बऱ्याचदा आधीच कोणाला तरी बांधलेली असते.

मिलवाल्याला हे विचारा: बॉयलर कोणत्या प्रकारचा आहे? बॉयलरमध्ये फक्त तूस जाळता, की कोळसा, लाकूडही टाकता? राख कोरडी काढता की पाणी मारून? वर्षभर एकाच प्रकारचं इंधन असतं का? तुसासोबत कोळसा जळत असेल तर ती राख सोडून द्या. आज चांगली निघाली तरी पुढच्या गाडीची खात्री नाही.

तुमच्या गावापासून राखेपेक्षा औष्णिक वीज केंद्राची फ्लाय अॅश (कोळशाची बारीक राख) जवळ असेल, उदाहरणार्थ तुम्ही कोराडी-खापरखेड्याच्या जवळ असाल, तर सरळ फ्लाय अॅश वापरा. तिचं मानक ठरलेलं आहे आणि ती दळावी लागत नाही. तुसाची राख हलकी असते, गाडी भरते पण वजन भरत नाही, त्यामुळे वाहतूक लांबली की नफा संपला. मिल शेजारी असेल तरच या वाटेला जा.

पायरी २ : राख हातात घेऊन पारखा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बांधकामाच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ४५६ : २००० मध्ये, तुसाच्या राखेला परवानगी आहे. पण त्याच ठिकाणी असंही बजावलंय की एकेका ठिकाणची राख स्वतंत्र तपासा, कारण वाईट राख काँक्रीटला गाळाइतकीच घातक ठरू शकते. चांगल्या आणि वाईट राखेत इतकं अंतर असतं.

चिमूटभर राख तळहातावर घ्या. जळल्यावरही तुसाचा आकार टिकतो, होडीसारखे छोटे-छोटे सांगाडे दिसतात. बोटाने दाबा. चांगली जळलेली राख करकरत मोडते आणि बोटावर राखाडी पूड राहते. नीट न जळलेली राख काजळीसारखी काळी पसरते, आणि हात धुतला तरी रेघांमध्ये काळं राहतं.

रंगावरून ढोबळ अंदाज येतो:

- कुळकुळीत काळी : कार्बन भरपूर आहे. पाणी जास्त पिते, ताकद कमी देते.
- राखाडी ते फिकट राखाडी : हिचीच पुढची तपासणी करा.
- पांढरी, त्यात गुलाबी झाक : खूप तापलेली असू शकते.

शेवटच्या प्रकारात बहुतेक जण फसतात. पांढरी म्हणजे शुद्ध असं वाटतं. पण सुमारे ७०० अंशांच्या वर राख जास्त वेळ राहिली की सिलिकेचे स्फटिक बनू लागतात आणि मग ती चुन्याशी संयोग पावत नाही. अशी राख दिसायला सुंदर, कामाला नुसती बारीक वाळू. आणि रंग सगळं सांगत नाही, राखाडी राखसुद्धा आतून स्फटिक झालेली असू शकते. म्हणून पुढची चाचणी कराच.

चुन्याची वडी. एक भाग विझवलेल्या चुन्याची कोरडी पूड आणि दोन भाग दळलेली राख, वजनाने मोजून घ्या. पाण्यात घट्ट मळा आणि छोट्या वड्या पाडा. शेजारी तुलनेसाठी त्याच मापात चुना आणि दळलेली वाळू घेऊन तशाच वड्या करा. दोन्ही ओल्या फडक्यासह झाकणाच्या डब्यात आठवडाभर बंद ठेवा, म्हणजे हवा लागून चुना आपोआप कडक होणार नाही. मग वड्या पाण्याच्या पातेल्यात सोडा. वाळूची वडी विरघळून बसेल. राखेची वडी शाबूत राहिली आणि नखाने ओरखडा उठला नाही तर राखेत दम आहे. दोन्ही सारख्याच विरघळल्या तर तो ढीग तिथेच सोडा.

पायरी ३ : प्रयोगशाळेचा कागद हातात घ्या

घरची चाचणी निवड करायला पुरते, विक्रीला नाही. जवळच्या अभियांत्रिकी किंवा पॉलिटेक्निक कॉलेजच्या सिव्हिल विभागात, नाहीतर मान्यताप्राप्त खासगी लॅबमध्ये या चाचण्या सांगा:

- लॉस ऑन इग्निशन, म्हणजे न जळलेला कार्बन किती. साधारण ५-६ टक्क्यांच्या आत असावा.
- ४५ मायक्रॉन चाळणीवर किती राहतं.
- आयएस १७२७ नुसार चुन्याशी अभिक्रिया. फ्लाय अॅशसाठी किमान ४.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर अशी अट आहे, तीच तुलनेला धरा.
- शक्य असेल तर एक्स-रे डिफ्रॅक्शन. स्फटिक आहेत की नाहीत हे तोच सांगतो. सगळीकडे होत नाही आणि स्वस्तही नाही, पण एका मिलसाठी एकदा करून घ्यावा.

नमुना ढिगाच्या वरून एक फावडं असा घेऊ नका. ढिगाच्या पाच-सहा जागांहून, आतूनही, राख काढा, एकत्र कालवा आणि त्यातली थोडी पिशवीत भरा. पिशवीवर मिलचं नाव, तारीख आणि त्या दिवशी बॉयलरमध्ये काय जळत होतं ते लिहा.

पायरी ४ : स्वतः जाळायचं असेल तर

उघड्यावर ढीग लावून पेटवू नका. ढिगाच्या बाहेरचं तूस अर्धवट काळं राहतं आणि आतलं तासन् तास तापून स्फटिक होतं, म्हणजे दोन्ही प्रकारची वाईट राख एकाच ढिगात. वर गावभर धूर. जाळीच्या पिंपात मधोमध भोकं पाडलेली नळी ठेवून हवा आतपर्यंत पोचवायची, ही पद्धत जास्त बरी. आयआयटी कानपूरमध्ये पी. सी. कपूर यांनी अशीच, टोपलीत नळी बसवलेली भट्टी विकसित केली होती. तापमान ५०० ते ७०० अंशांच्या दरम्यान ठेवायचं असतं, म्हणून थर्मोकपल (भट्टीत घालायची तापमान मोजणारी तार) असलेला तापमापक घ्या, अंदाजावर जाऊ नका. जळून झाली की राख पातळ पसरून लवकर थंड करा. लाल असताना पाणी मारलं तर जळायचा राहिलेला कार्बन तसाच राहतो आणि राख ओलीही होते.

तूस विकत घेताना हातात घेऊन बघा. आपल्याला वरचं टणक टरफल हवंय. तांदळावरून निघणारा, तेल असलेला मऊ कोंडा नको, आणि बऱ्याच गावांत दोन्हीला कोंडाच म्हणतात.

पायरी ५ : दळा

न दळलेली राख मिश्रणात टाकू नका. तिचे सांगाडे पोकळ असतात, ते पाणी शोषतात आणि ब्लॉक ठिसूळ होतो. बॉल मिलमध्ये, म्हणजे आत गोळे असलेल्या फिरत्या पिंपात, सिमेंटइतकी किंवा त्याहून बारीक होईपर्यंत दळा. सुरुवातीला मशीन विकत घेऊ नका, खनिज पावडर दळून देणाऱ्याकडून भाड्याने करून घ्या. राख आधी कोरडी हवी. ओली राख बॉल मिलच्या भिंतीला चिकटते आणि दळणारा दुसऱ्यांदा तुमचं काम घेत नाही.

इथे जिवाची काळजी घ्या. ही धूळ सिलिकेची आहे. स्फटिक झालेल्या सिलिकेने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा रोग होतो आणि झालेला सिलिकोसिस बरा होत नाही. रुमाल बांधून भागत नाही. दळताना आणि पोती रिकामी करताना प्रत्येक कामगाराला एन-९५ मास्क द्या, आणि तो लावलाय की नाही ते स्वतः उभं राहून बघा.

पायरी ६ : योग्य सिमेंट निवडा

दुकानात नुसतं सिमेंट मागितलं तर बहुतेक वेळा पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना सिमेंट) मिळतं. त्यात कारखान्यातच १५ ते ३५ टक्के फ्लाय अॅश घातलेली असते. त्यात आपण आणखी राख घातली तर चुना पुरत नाही आणि ब्लॉक कच्चा राहतो. 'राख घातल्यावर ब्लॉक फुटतात' ही तक्रार ऐकली की मी आधी पोतं दाखवायला सांगतो. पोत्यावर आयएस २६९ लिहिलेलं असेल तर ते ओपीसी, म्हणजे राख न घातलेलं साधं पोर्टलँड सिमेंट, तेच घ्या. आयएस १४८९ म्हणजे पीपीसी आणि आयएस ४५५ म्हणजे स्लॅग सिमेंट, ही दोन्ही या कामाला नकोत.

पायरी ७ : चाचणीचं मिश्रण

तुमचं रोजचं खडी, चुरी आणि क्रशसँडचं प्रमाण बदलू नका. फक्त सिमेंटचा भाग बदला:

- पहिलं मिश्रण : ५० किलो सिमेंट, राख नाही.
- दुसरं : ४५ किलो सिमेंट, ५ किलो राख.
- तिसरं : ४२.५ किलो सिमेंट, ७.५ किलो राख.

सगळं वजनकाट्यावर मोजा. राख सिमेंटपेक्षा खूप हलकी असते, त्यामुळे घमेल्याने मोजली तर प्रमाण दर वेळी वेगळं येतं. आधी सिमेंट आणि राख कोरडीच एकजीव करा, मग खडी-चुरीत टाका.

पाणी थोडं जास्त लागेल. तिथेच मोह होतो की अजून एक बादली ओता. त्याऐवजी प्लास्टिसायझर (कमी पाण्यात मिश्रण मऊ ठेवणारं रसायन) घाला, मात्रा डब्यावर दिलेली असते. मशीनच्या ब्लॉकसाठी मिश्रण मुठीत दाबलं की गोळा व्हावा, पण तळव्याला पाणी सुटू नये.

पंधरा टक्क्यांच्या पुढे सुरुवातीला जाऊ नका. वीस टक्के आणि त्याहून जास्त घालूनही चांगले निकाल मिळाल्याचे शोधनिबंध आहेत, पण ती राख नियंत्रित भट्टीतली असते, आपली बॉयलरची.

पायरी ८ : पाणी मारणं

राखेचं काम हळू चालतं आणि ते ओल असेपर्यंतच चालतं. आयएस ४५६ मानकात नुसत्या ओपीसीला किमान ७ दिवस, आणि अशी राख घातलेल्या काँक्रीटला किमान १० दिवस पाणी मारायला सांगितलंय, शक्यतो १४. आपल्याकडच्या मे महिन्यात १४ हेच किमान समजा. ब्लॉक सावलीत रचा, वरून ओला बारदाना टाका आणि तो वाळू देऊ नका. बारदाना राइस मिलमध्येच स्वस्तात मिळतो.

सातव्या दिवशी ब्लॉक तपासून निराश होऊ नका. राखेचा ब्लॉक तेव्हा साध्या ब्लॉकपेक्षा मागे असतो, नंतर भरून काढतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की माल लवकर उचलून देता येत नाही. अंगणात जास्त जागा लागते, पैसेही जास्त दिवस अडकतात. हा खर्च हिशोबात आधीच धरा.

पायरी ९ : ताकद तपासा, मगच विका

तिन्ही मिश्रणांचे ब्लॉक ७, २८ आणि ५६ दिवसांनी लॅबमध्ये दाबून बघा. भरीव ब्लॉकला आयएस २१८५ च्या पहिल्या भागाप्रमाणे ४ किंवा ५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरची श्रेणी आहे आणि पाणी शोषण सरासरी १० टक्क्यांच्या वर जाऊ नये. सुरुवातीला भरीव ब्लॉकच बनवा असं मी सांगतो ते यामुळे, इथली अट गाठण्यासारखी आहे. पेव्हर ब्लॉकला आयएस १५६५८ मध्ये पायवाटेसाठीसुद्धा एम-३०, म्हणजे ३० न्यूटन ताकदीचं काँक्रीट, लागतं, तिकडे वर्षभराने जा.

पाणी शोषणाचा निकाल ताकदीइतकाच नीट वाचा. ताकद बरी आली आणि शोषण वाढलं तर राख कमी दळलेली आहे.

स्लॅब, बीम, कॉलम यांत ही राख स्वतःच्या मनाने घालू नका. तिथे लोखंड आहे, वर माणसं राहणार आहेत, आणि मानकालाही सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी हवी आहे. अभियंत्याने लेखी दिलं तरच.

पायरी १० : कागदपत्रं

- जागेचा सातबारा किंवा नमुना ८, भाड्याची असेल तर करारनामा
- शेतजमीन असेल तर अकृषिक वापरासाठी सध्या लागू असलेली कागदपत्रं
- ग्रामपंचायतीचं ना-हरकत प्रमाणपत्र
- महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र. स्वतः तूस जाळणार असाल तर अर्जात ते स्पष्ट लिहा
- महावितरणची थ्री-फेज जोडणी
- उद्यम नोंदणी. ही सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, कोणी पैसे मागितले तर देऊ नका
- जीएसटी क्रमांक
- मिलवाल्याशी राखेचा लेखी करार, त्यात इंधन बदललं तर आधी कळवण्याची अट
- राखेचे आणि ब्लॉकचे चाचणी अहवाल, तारखेनुसार लावलेले

कर्जासाठी केंद्राचा पीएमईजीपी (प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम) आणि राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम या दोन्हींची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करा. प्रकल्प अहवालात 'सिमेंट ब्लॉक' असंच लिहा. 'पर्यायी सिमेंट निर्मिती' लिहिलंत की वेगळेच प्रश्न सुरू होतात, आणि ते बरोबरही आहेत: भारतात बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) परवाना नसताना पोत्यात भरून सिमेंट विकता येत नाही. राख आणि सिमेंट कालवून 'हरित सिमेंट' म्हणून पोती विकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. ब्लॉक विका.

पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी

कोल्हापूर-सांगलीकडे धानाच्या तुसाऐवजी साखर कारखान्यातल्या बगॅसची (उसाच्या चिपाडाची) राख आहे. तिच्यात सिलिका तुसाच्या राखेपेक्षा कमी असते आणि न जळलेले तंतू बरेच. आयआयटी मद्रासमध्ये ए. बहुरुदीन आणि मनू संथानम यांनी दाखवलंय की ३०० मायक्रॉनच्या चाळणीतून ती चाळली तर हे तंतू वर राहतात, आणि खालची राख सिमेंटइतकी बारीक दळली की चांगलं काम देते. म्हणजे पायरी ५ च्या आधी चाळण्याची एक पायरी वाढवा, बाकी सगळं हेच.

कधी सुरू करावं

खरिपाचं धान निघालं की मिल जोरात चालतात, तेव्हा राख ताजी आणि कोरडी मिळते. नोव्हेंबरात नमुने घ्या, चुन्याच्या वड्या करा, अहवाल मिळवा. चाचणीचे ब्लॉक डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाडले तर २८ दिवसांचा निकाल जानेवारीच्या सुरुवातीला आणि ५६ दिवसांचा फेब्रुवारीच्या सुरुवातीला हातात येतो. थंडीत पाणी मारणंही सोपं जातं. निकाल पटले तर पावसाळाभर पुरेल एवढी राख मे संपायच्या आत दळून, आत प्लास्टिक असलेल्या पोत्यांत भरून, शेडमध्ये लाकडी फळ्यांवर रचून ठेवा. पोत्यांवर मिलचं नाव आणि महिना खडूने न लिहिता रंगाने लिहा, पहिल्या पावसात खडू पुसला जातो.